पिळाच्या कड्या

राहीच्या पेटीत, दोन परकर आणि एका तडकलेल्या आरशाच्या खाली, अगदी तळाशी चार लोखंडी कड्या होत्या. त्या तिथे आहेत हे साऱ्या खालच्या वाडीत एकट्या राहीला ठाऊक होतं. रोज सकाळी शाळेला निघताना ती पेटीत कोपरापर्यंत हात घाली, चारी कड्या चाचपून बघे आणि मगच पुस्तकं काखेत मारून वाटेला लागे. दुसरी मुलगी देवाच्या पाया पडून निघते, तशी ही कड्यांना हात लावून निघायची. फरक एवढाच, की कड्या तिने भक्तीने ठेवल्या नव्हत्या, रागाने ठेवल्या होत्या.

आणि राग करावा तर राहीनेच. गेल्या वर्षापर्यंत फळ्यापाशी उभं केलं की पायाच्या अंगठ्याने जमीन उकरणारी ही पोर यंदा एकदम बदलली होती. रत्नागिरीच्या मिशनच्या शाळेत कविता म्हणायला कोण, तर राही. लहान मुलींना पाढे घोकून घ्यायला कोण, तर राही. बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर कुणाचा, तर राहीचा. आई म्हणायची, या पोरीच्या जिभेला कुणी वंगण घातलंय कोण जाणे. अशा मुलीने एखादी गोष्ट पोटात ठेवून गप्प बसावं, म्हणजे ती गोष्ट केवढी असेल बघा.

गोष्ट होती पाळण्याची.

राहीचा बाप विठू सुतार. काही वर्षांपूर्वी त्याने मिशनच्या बंगल्यात दारं-खिडक्या बसवायचं काम घेतलं. रंधा मारता मारता तो तिथली प्रवचनं ऐकू लागला, मग कामाशिवायही जाऊ लागला, आणि एका रविवारी विठू, त्याची बायको आणि राही, तिघांनीही बाप्तिस्मा घेतला. पाद्रीसाहेबांनी विचारलं, नवं नाव हवं का? विठू म्हणाला, गिऱ्हाइकं मला विठू सुतार म्हणून ओळखतात, देवालाही तेवढ्यावर ओळख पटेल. तेव्हा नाव राहिलं, पण बाकीचं बरंच गेलं. वाडीच्या विहिरीवरचं पाणी गेलं, हळदीकुंकवाची बोलावणी गेली, रस्त्यात भेटल्यावर “काय विठू, बरा हायस ना” असं विचारणारी माणसं गेली. आणि सगळ्यात जवळचा गेला तो सदू.

सदू गाडीवान विठूच्या शेजारीच राहायचा. दोन घरांच्या मध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा, बस्स. दोघं एका वयाचे, एका उंचीचे. शिमग्यात ग्रामदेवाची पालखी नाचवायची तर पुढच्या दांड्याला खांदा द्यायला हीच जोडी. पालखीला खांद्याला खांदा जुळावा लागतो, एक उंच नि एक बुटका असला की देव कलंडतो. विठूने बाप्तिस्मा घेतल्यावर सदूच्या शेजारी दुसरा कुणी उभा राहिला, आणि त्या वर्षी पालखी भर खळ्यात कलली. सगळ्या वाडीसमोर सदूची मान खाली गेली. त्या दिवसापासून तो विठूला नावाने हाक मारीनासा झाला. म्हणायचाच झाला तर “बाटगा” म्हणायचा, तेही गडग्याकडे बघून.

आता पाळणा. राहीच्या पणजोबांनी तो फणसाच्या लाकडाचा केला होता. वापरून वापरून लाकडाला चिंचोक्यासारखी तकाकी आली होती. त्याच्या चार कड्या त्यांनी लोहाराकडून मुद्दाम पीळ देऊन घडवून घेतल्या होत्या, वेणीचे पेड असावेत तशा. त्या पाळण्यात निजलेलं मूल जगतंच, अशी वाडीत समजूत होती. ज्यांची मुलं वाचत नसत ते येऊन पाळणा मागून नेत, मूल चालायला लागलं की परत आणून देत, सोबत नारळ ठेवत. बाप्तिस्म्यानंतर कुणी मागायला आलं नाही. पाळणा घरामागच्या मांगरात, म्हणजे विठूच्या कामाच्या खोपीत, फळ्यांशेजारी पडून राहिला.

शिमग्यात होळीसाठी लाकूड पळवणं ही आपल्याकडे चोरी धरत नाहीत. कुणाच्या कुंपणाच्या बेड्याची काठी जाते, कुणाच्या गोठ्याच्या दाराचा आडणा जातो, एखाद्या कंजूष म्हाताऱ्याची बाजही जाते. लोक सकाळी उठून चार शिव्या घालतात, थोडे हसतात, सोडून देतात. एकदा होळीत पडलं ते देवाचं, मागे मागायचं नाही. पण या रीतीलाही एक रीत होती. लेकराच्या पाळण्याला कुणी हात लावत नसे.

यंदा लावला. सकाळी राही मांगरात गेली तर दार सताड उघडं, चार फळ्या गेलेल्या आणि पाळणाही गेलेला. ती तशीच धावत जाऊन गडग्यावर चढली. पलीकडे सदू बैलांना पेंढा घालत होता.

“सदूकाका, आमचा पाळणा कुठाय?”

सदूने मानही वळवली नाही. “होळीत पडलेलं मागे मागत नायत. तुमी शिमगा सोडलात ना, मंग तुमाला रीत कशी ठावी आसणार.”

यावर राहीने जे तोंड सोडलं ते वरच्या वाडीपर्यंत ऐकू गेलं. सदूच्या दारात त्याची बायको मालन उभी होती. तिला दिवस गेले होते. तिने पोटावर हात धरला होता, ओठ हलले, पण शब्द काही बाहेर आला नाही. राहीने तिलाही शत्रूंच्या रांगेत उभं केलं. तेवढ्यात विठूने येऊन मुलीला काखेत धरून गडग्यावरून खाली उतरवलं. मग तो मांगरात जाऊन एका फळीला रंधा मारू लागला, आणि दिवस कलेपर्यंत त्या फळीचा पापड झाला तरी थांबला नाही.

दुपारी बाकी वाडी जेवून आडवी झाल्यावर राही निखारे आणायच्या निमित्ताने फुटकं खापर घेऊन होळीच्या जागी गेली. राख अजून कोमट होती. काठीने उकरता उकरता पहिली कडी लागली, मग बाकीच्या. लाकूड सगळं गेलं होतं, पीळ मात्र जसाच्या तसा होता. तिने कड्या परकराच्या ओच्यात घेतल्या आणि कुणाला न सांगता पेटीत घातल्या. एक ना एक दिवस सदूकाकावर वेळ येईल, काही ना काही मागायला तो गडग्याशी येईल, आणि त्या दिवशी या चार कड्या त्याच्या पायांपुढे फेकायच्या. बरोबर बोलायचं भाषणही तयार होतं. त्यात रोज भर पडत होती. शाळेच्या वाटेवर, खाडीच्या वाऱ्यावर, ती ते मोठ्याने म्हणून बघायची. फारच सुंदर झालं होतं ते भाषण.

पंचाईत होती ती संध्याकाळच्या प्रार्थनेची. दिवेलागणीला विठू पडवीत चटईवर बसे, आई आणि राही दोन बाजूंना. आजारी माणसांसाठी, दर्यावर गेलेल्यांसाठी प्रार्थना झाली की विठू म्हणे, “आणि बापा, सदूचं आणि त्याच्या घरादाराचं कल्याण कर.” आई हळूच “आमेन” म्हणायची. राही नाही म्हणायची. तेवढ्या एका वाक्याला ती डोळे उघडून छपरावरची पाल बघत बसे. पाल शेपूट हलवी, वाक्य संपे, मग राही पुन्हा डोळे मिटून घेई.

त्यातच पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर, आला. मिशनच्या देवळात मुलांनी पाठांतर म्हणायचं होतं. येशूने डोंगरावर बसून सांगितलं ना, की आपला छळ करणाऱ्यांसाठी प्रार्थना करा, वैऱ्यावर माया करा, तो भाग बाईंनी राहीला दिला. राहीने म्हटला तो असा, की मागच्या बाकावरचे म्हातारेही पुढे झुकले. कुठे आवाज चढवायचा, कुठे थांबायचं, कुठे नुसता श्वास घ्यायचा, तिला सगळं कळत होतं. बक्षीस म्हणून एक रंगीत चित्र मिळालं. घरी येताना आईने शेजारणींना चित्र दाखवलं, म्हणजे ज्या बघायला थांबल्या त्यांना. विठू एवढंच म्हणाला, “फार छान म्हटलंस गो बाय.” पण ते चित्र पेटीत ठेवताना राहीचा हात कड्यांना लागला, आणि कुणीतरी पाठीमागून बघत असावं तशी तिने पेटी घाईघाईने मिटली.

वैशाखात मालन बाळंत झाली. मुलगी झाली.

मालनची पहिली दोन मुलं माहेरच्या बाळंतपणात झाली आणि महिनाभरही टिकली नाहीत. म्हणून या खेपेला तिला सासरीच ठेवली होती. वाडीतली जुनी सुईण गंगुबाई रोज अंघोळ घालायला यायची. गडग्याअलीकडे सगळं ऐकू येई, कारण गंगुबाईला स्वतःला कमी ऐकू येत असल्यामुळे ती जगाशी ओरडूनच बोलायची. तर झालं होतं असं, की मालन पोरीला खाली ठेवत नव्हती. सदूने बाजारातून आणून माहेरी पाठवलेला रंगीत पाळणा आता इथे घरात टांगलेला होता. पण आधीची दोन्ही त्यातच निजली होती आणि त्यातूनच गेली होती. मालन पोरीला छातीशी धरून भिंतीला टेकून बसायची, रात्र असो की दिवस. डोळा लागला की दचकून जागी व्हायची. अंगात ताप भरत होता, दूध आटत चाललं होतं. पोरगी आधीच मुठीएवढी, ती रडून रडून आणखी बारीक झाली होती.

एके दिवशी राही विठूला कोरा चहा द्यायला मांगरात आली होती, तेव्हा पलीकडे गंगुबाईचा आवाज चढला. ती सदूला झापत होती. आवस झोपली नाय तर आवस पण जाईल नि पोर पण जाईल. जगल्या पोरांचा पाळणा आणायचा तर तो एकच होता वाडीत, विठूच्या घरचा. तो तू जाळलास. आनि मेल्या, तुला तरी ठावं हाय का, तुज्या पाठची-पुढची सगळी गेली, तू एकटा जगलास तो कशात निजून जगलास?

मग आतून मालनचा आवाज आला. तो ओरडण्याचा नव्हता, म्हणूनच स्पष्ट ऐकू आला. “माज्या लेकराचा पाळना शिमग्यातच जळला.”

बराच वेळ नुसतं पोरीचं रडणं चालू होतं. आणि मग गडग्याशी सदू येऊन उभा राहिला.

राही दोन पावलं पुढे झाली. आलाच की तो दिवस. भाषण जिभेवर होतं. पण सदू तिच्याकडे बघतच नव्हता.

“विठ्या,” तो म्हणाला.

विठूने रंधा खाली ठेवला. इतक्या वर्षांत त्या नावाने त्याला कुणी हाक मारली नव्हती. “पोरगी कशी आहे?”

“हाय. रडते.” सदूने गडग्यावरचा एक चिरा उगाच हलवून बघितला. “गंगुबाय म्हनते, मी पन त्याच पाळन्यात…”

“हो. तुझ्या आवशीने माझ्या आईकडून मागून नेलेला. मला बाहेर काढून तुला घातला त्यात. मी महिनाभर सुपात झोपलो, आई सांगायची.”

“मंग तवा बोललास का नाय?”

“तेव्हा ऐकलं असतंस?”

सदूने तो चिरा पुन्हा जागेवर बसवला. मग त्याने विचारलं, नवा करून देशील का, कसाही दे, घाईत कर, साधा कर. विठू म्हणाला, आत्ताच करायला घेतो. “पण नवा तो नवा म्हणूनच देईन हां, सदू. मालनला जुना आहे म्हणून सांगणार नाही. खोटं बोलून लेकरू झोपवायचं नाही.”

“ती इचारील,” सदू म्हणाला. “जगल्या पोरांचा हाय का, हेच इचारील ती.”

“मग नाही म्हणून सांगू. अजून काय करणार.”

सदूने मान हलवली आणि तो गेला. जाताना त्याचे खांदे पडलेले होते, आणि पालखी कलली तेव्हा सगळ्या वाडीपुढे असेच पडले असतील, असं राहीच्या मनात आलं. तिला हे मनात यायला नको होतं. शत्रूकडे इतकं नीट बघू नये. बघितलं की घोटाळा होतो.

ती घरात आली, पेटी उघडली, कड्या बाहेर काढल्या आणि मांडीवर ठेवल्या. मघाशीच फेकायला हव्या होत्या. नेम धरून वाट बघितलेली वेळ दारात येऊन उभी राहिली आणि निघून गेली. पण अजून गेलं नव्हतं काही. आत्ताही गडग्यावर चढून हाक मारता आली असती. तिने भाषणाचं पहिलं वाक्य मनात म्हणून बघितलं. “सदूकाका, आज तुम्हाला कळलं ना…” पलीकडून मालन पोरीला थोपटत होती. अंगाई नव्हती ती. गळ्यात गाणं उरलंच नव्हतं, नुसतं “हूं हूं, हूं हूं” चाललं होतं, दळून दमलेलं जातं फिरावं तसं. त्या हुंकारापुढे राहीचं वाक्य फार मोठं झालं. देवळात बाकांपुढे उभं राहून म्हणण्याएवढं मोठं, आणि तेवढंच पोकळ. तिला एकदम आठवलं, की त्या दिवशी तिथेही तिने सगळं अचूक म्हटलं होतं, फक्त एकदाही सदूकाकाचा चेहरा डोळ्यांपुढे आला नव्हता.

कड्या जगल्या पोरांच्या पाळण्याच्या होत्या. हे खोटं नव्हतं. हे खरं होतं, आणि हे खरं जगात फक्त तिच्या मांडीवर होतं.

ती मांगरात गेली आणि कड्या विठूपुढे भुशात ठेवल्या. विठूने एक कडी उचलली, पिळावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिला.

“शिमग्यापासून?” त्याने विचारलं.

राहीने मान हलवली. कशाला ठेवल्या होत्या हे त्याने विचारलं नाही. सुताराला लाकूड बघून कळतं कुठे गाठ आहे ते. तो म्हणाला, “तुला काय वाटतं, मला राग आला नव्हता? दिवसभर रंधा मारत बसलो, का? हातातला रंधा सोडला असता तर त्या हाताने दुसरं काय उचललं असतं, त्याची भीती वाटत होती. रोज प्रार्थनेत त्याचं नाव घेतो ना, ते थोडं त्याच्यासाठी आणि बरंचसं माझ्याच हातासाठी गो.”

राहीने विचारलं, आता आला तेव्हा राग नव्हता का? विठू जरा विचार करून म्हणाला, होता थोडा. पण विठ्या म्हणाला ना तो.

मग त्याने कडी तिच्या हातात परत दिली. “या तू ठेवल्यास. तूच नेऊन दे.”

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाळणा उभा राहिला. नक्षी नाही, रंग नाही, नुसतं फणसाचं ताजं पिवळं लाकूड आणि त्याचा वास. कड्या राहीने राखेने आणि नारळाच्या शेंडीने घासल्या. पाळणा गडग्यावरून द्यायचा तर सदूला एकट्याला उचलेना, तेव्हा विठू पलीकडे उतरला, आणि दोघांनी मिळून तो खांद्यांवर घेऊन सदूच्या घरापुढच्या खळ्यात आणला. दोघांची उंची अजून तशीच जुळत होती. पाळणा जराही कलला नाही. हे त्या दोघांच्याही लक्षात आलं असावं, कारण दोघंही उगाच दुसरीकडे बघत राहिले.

राही मागून आली. सदूच्या पुढ्यात उभी राहिली आणि तिने मूठ उघडली.

सदूने कड्या लगेच ओळखल्या. पीळ कुठेही ओळखू आला असता. “राखेतनं काढल्यास?”

“हो.”

“कशाला?”

राहीला खोटं सांगता आलं असतं. घरच्या होत्या, आठवण म्हणून ठेवल्या, असलं काहीतरी गोड. पण बापाने लाकडाबाबतही खोटं बोलायचं नाही म्हटल्यावर तिला ते जमेना. “तुमच्यासमोर फेकायला,” ती म्हणाली.

सदू ताठ उभा राहिला. त्याने हात बाजूला सोडले, जसा एखादा मार खायला उभा राहतो तसा. “मंग फेक,” तो म्हणाला. “मी हलत नाय.”

इतक्या दिवसांचं भाषण कुठे गेलं ते राहीला पुढे कधीच सापडलं नाही. तिने सदूचा हात धरला. चिरे उचलून उचलून तो हात चिऱ्यासारखाच खरखरीत झाला होता. तिने त्याचा तळवा उलटा केला आणि एकेक करून चारी कड्या त्यात ठेवल्या.

“आता नको,” ती म्हणाली. “बाळ दचकेल.”

सदू पायरीवर बसला. मूठ मिटून कपाळाला लावून बसला.

गंगुबाई बाहेर आली. तिने सदूच्या मुठीतून कडी काढून घेतली, डोळ्यांनीही धड दिसत नव्हतं म्हणून बोटांनी बघितली, दातावर लावूनही बघितली. मग आत जाऊन तिने साऱ्या वाडीला ऐकू जाईल असं मालनला सांगितलं, की लाकूड नवं हाय गो, विठूने सांगितलंय नवं हाय, पन कड्या त्याच. तुज्या घोवाचा पाळना टांगलेला त्या याच. आता रीतीप्रमाणे बाटलेल्या घरून आलेल्या वस्तूवर गोमूत्र शिंपडायचं म्हणून तिने तांब्या मागितला, तेव्हा आतून मालन म्हणाली, शिंपडू नका. एवढंच म्हणाली. पण गंगुबाईला ते पहिल्या खेपेला ऐकू आलं, हे विशेष.

पाळणा बाळंतिणीच्या खोलीत टांगला. मालनने चारी कड्यांना हात लावून बघितलं आणि मग पोरीला खाली ठेवलं. सदूने बाहेर येऊन गडग्याशी सांगितलं, की दोघीही झोपल्या. त्याचा आवाज अगदी हळू होता, जणू गडगाही झोपला आहे.

बारशाचा दिवस आला तेव्हा पोरीच्या अंगाला थोडी गोलाई आली होती. बारसं वाडीतल्या बायकांचं, तिथे राहीला बोलावणं असणं शक्यच नव्हतं, आणि तिची तशी अपेक्षाही नव्हती. ती गडग्याशी उभी राहून बघत होती, बस्स. पण सकाळीच मालनने हट्ट धरला, की पाळणा माजघरात नको, पडवीत बांधा. बायका म्हणाल्या, बारसं कधी पडवीत होतं का? वारा लागेल पोरीला. मालन म्हणाली, माजघरात तुम्ही विठूभावजींच्या राहीला येऊ देणार नाय. पडवीत कोणीपन येतो. गाडीचं भाडं ठरवायला बोहरी येतो, पोलिसपाटील येतो, मंग ती पन येईल. तर पडवीत बांधा.

सदूने खुंटी ठोकली.

अशी राही बारशाला गेली. पायरीच्या वर, पडवीत, सगळ्या बायकांच्या एका टोकाला बसली. एक-दोघींनी पदर सावरून अंतर ठेवलं, बाकीच्यांनी ठेवलं नाही. दृष्ट लागू नये म्हणून गंगुबाईने पोरीचं नाव धोंडी ठेवायला लावलं. राहीला ते मुळीच आवडलं नाही आणि शाळेत शिकलेली निदान दहा चांगली नावं तिच्या ओठांवर आली होती, पण ती गप्प बसली, तिच्या मानाने हे फार झालं. शेवटी मालनने पाळण्याची दोरी उचलून तिच्या हातात दिली. राहीने जपून झोका दिला. पिळाच्या कड्या कुरकुरल्या, धोंडीने मूठ तोंडात घातली.

त्या संध्याकाळी विठू नेहमीसारखा चटईवर बसला. आजाऱ्यांसाठी झालं, दर्यावरच्या माणसांसाठी झालं. “आणि बापा,” तो म्हणाला, “सदूचं आणि त्याच्या घरादाराचं कल्याण कर.”

राहीचे डोळे मिटलेलेच होते. तिने “आमेन” म्हटलं. इतक्या दिवसांचं साचलेलं एकदम बाहेर आल्यामुळे असेल, किंवा जिभेच्या वंगणामुळे असेल, पण ते असं काही मोठ्याने आलं की आईने दचकून तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि छपरावरची पाल सटकन आत पळाली.

गडग्यापलीकडून सदूचा आवाज आला.

“काय झालं गो राही?”

विठूला हसू आवरेना. प्रार्थना अर्धीच राहिली.

“काही नाही, सदूकाका,” राही ओरडून म्हणाली. “तुमचंच चाललंय.”